हात, हाक आणि उंबरा

सगळी गल्ली तिला रडूबाई म्हणायची, आणि गल्लीत तिच्याइतकं खदखदून हसणारं दुसरं कुणी नव्हतं. जिन्यात पाय घसरून पडली तर आधी हसायची आणि मग कुठं लागलं ते बघायची. दूधवाला दारात आला की म्हणायची, "अरे, पाणी घालतोस ते निदान गाळून तरी घाल!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत बसायची. अशा बाईचा धंदा काय, तर मयताच्या घरी जाऊन रडायचं! गळा काढणं हाच ज्यांचा पिढीजात उद्योग, त्या घरात ही जन्माला आली होती.

आता रडणं म्हणजे नुसतं ऊर बडवणं नव्हे हं. ते काय, कुणालाही जमतं. हिचं रडणं गाण्यातलं होतं. हिला ते आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं, आणि त्याच्या पलीकडचं विचारू नका, कुणालाच सांगता येत नाही. गाण्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग इतका जुना, की त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ आज कुणाला लागत नाही. विद्यापीठातल्या एक बाई येऊन ते टेप करून गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, हे शब्द आपल्या भाषेच्याही आधीचे असतील. रडूबाई म्हणाली, "असतील बाई. मला तर ते पाळण्यात ऐकल्यापासून येतात. अर्थ विचारायचं कधी सुचलंच नाही."

मधला भाग मात्र दर वेळी नवा. गेलेल्या माणसाबद्दल तीन गोष्टी त्यात गायच्या: हात, हाक आणि उंबरा. त्याचे हात काय करायचे, तो हाक कशी मारायचा, आणि उंबरा ओलांडून घरात यायचा तेव्हा घरात काय व्हायचं. बस्स, एवढंच. त्याची इस्टेट नको, पदव्या नकोत. आणि ह्या तीन गोष्टी विचारायच्या कुणाला, याचीही रीत ठरलेली. घरातल्या सगळ्यात गप्प बाईला. रडूबाईची आई सांगायची, "बोलक्या बायका काय, स्वतःचंच पुराण लावतात. जी कोपऱ्यात गप्प बसलेली असेल ना, तिच्यापाशी जाऊन बस. वेळ लागतो, पण बस." एकेक गोष्ट गाऊन झाली की जमलेल्या बायकांनी म्हणायचं, "ऐकलं ग, ऐकलं." ऐकलं म्हटल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही.

बैठका दोन. मयत घरात असताना होते ती बाहेरची, सगळ्या गावासमोर. मग काही आठवडे गेले की आतली, फक्त बायकांची. बाहेरच्या बैठकीला गर्दी, आतल्या बैठकीला माणसं मोजकी. पण रडूबाईची आई आतल्या बैठकीलाच खरी मानायची.

रडूबाईच्या शेजारी प्रत्येक बैठकीत एक शिंपीण बसायची. समोरच्याच खोलीत तिचं मशीन. "ऐकलं"चा पहिला आवाज तिचा, बाकीच्या मागून. कात्रीसारखी जीभ, पण माणूस सोन्यासारखं. दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच, आणि वाजलं की दोघी चहाला एकत्र बसायच्या.

रडूबाईला सख्खी अशी एकच बहीण होती. ती आजारपणात गेली, मागं एक मुलगी ठेवून. ही भाची लहानपणापासून अबोल. नाव चांगलं गोड होतं, आईनं हौसेनं ठेवलेलं. आई ते नाव जिन्यात उभी राहून अशी काही हाकारायची की तीन मजल्यांवरच्या बायका ओ द्यायच्या. पोरगी मात्र मान हलवायची नुसती.

बहिणीच्या बैठकीला दुसरं कोण गाणार? रडूबाईच बसली. त्या दिवशी ती गायली ते गल्ली अजून विसरलेली नाही. हात गायली, हाक गायली, आणि उंबऱ्याशी आल्यावर तिला बहिणीचं काही सुचेचना, सगळं डोळ्यांपुढं एकदम आलं. मग तिनं भाचीला जवळ ओढलं आणि गायलं:

"उंबरा ग उंबरा, तुझा आज सुना झाला,
माझा उंबरा तुझ्या पोरीचा,
रात्री येवो, अपरात्री येवो, दार पुसणार नाही का आली."

"ऐकलं ग, ऐकलं," सगळ्या बायका रडत रडत म्हणाल्या. शिंपीण सगळ्यांत मोठ्यानं. अशा ठिकाणी म्हटलेलं म्हणजे काही गंमत नसते. तिथं खोटं बोलायचं नाही, हे ह्या बायकांना आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं.

पुढे भाचीचं लग्न झालं. घर मोठं मिळालं. थोरला दीर गावातला बडा कंत्राटदार, सगळ्या कार्यक्रमांचा अध्यक्ष. नवरा त्याच्याच हाताखाली कामं बघायचा. दिसायला रुबाबदार, बोलायला असा लाघवी, की रडूबाई सगळ्यांना सांगत सुटायची, "जावई बघावा तर आमचा!" भाची येऊन जाऊन असायची. आधी महिन्यातून, मग सणासुदीला, मग तेव्हाही येईनाशी झाली. रडूबाई म्हणायची, संसारात रमली पोर. शिंपीण म्हणायची, "रमली की काय झालं, एकदा जाऊन बघून ये." रडूबाई म्हणायची, "जाते की." गेली नाही.

मग कंत्राटदाराच्या मनात आलं, की आपल्या गावची ही प्राचीन परंपरा, हिचा सत्कार झाला पाहिजे. मोठा मंडप, पाहुणे, मानपत्र, शाल. रडूबाईला कुणीतरी येऊन सांगितलं मात्र, बाई जी हरभऱ्याच्या झाडावर चढली ती खाली उतरेचना. जन्मभर लोकांनी मयतीपुरतं बोलावलं होतं. एरवी सकाळी सकाळी हिचं तोंड नको म्हणून वाट बदलणारी माणसंही होती. तेव्हा तिला हर्ष झाला, यात तिचं काय चुकलं? चुकलं ते पुढे.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी शिंपीण रडूबाईच्या खोलीत बसून नव्या पोलक्याचं माप बेतत होती. रडूबाई हात पसरून खोलीच्या मध्ये उभी, अंगभर टाचण्या, आणि शिंपिणीच्या तोंडात आणखी टाचण्या. "हलू नकोस, नाहीतर सत्काराऐवजी तुझीच बैठक बसवावी लागेल," असं काहीतरी शिंपीण टाचण्यांमधून पुटपुटली आणि रडूबाई हसायला लागली. हसता हसता तिनं दाराकडे पाहिलं, तर उंबऱ्याच्या बाहेर भाची उभी.

हातात कापडी पिशवी. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, पण कान दिसत होता. कान सुजून लाल झाला होता, आणि एका हाताची बोटं तिनं फडक्यानं गुंडाळली होती.

"मावशी, आत येऊ?"

रडूबाईचं हसू तोंडातच राहिलं. काय झालंय ते विचारायला नको होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? बोटं नव्हे, कान नव्हे. उद्याचा मंडप आला. थोरला दीर अध्यक्ष आणि त्याची भावजय घर सोडून हिच्या खोलीत!

"अग, आज कशी काय?" ती म्हणाली. "उद्याचं एवढं पार पडू दे बाळा. मग ये, सावकाश बोलू."

"मी नुसतं विचारतेय, आत येऊ का."

"येशील ग, पण आज नको. हे बघ, तुला ठाऊक आहे ना, आपल्या घरानं कुणाची बाजू घ्यायची नसते. आपल्याला सगळ्यांच्याच दारी जावं लागतं. जुनी रीत आहे ती, मी नाही केलेली. जा, अंधार पडायच्या आत घरी पोच. रागाच्या भरात होतं एखादं वेळी. शांतपणे सांग त्याला."

भाचीनं मान हलवली. लहानपणी हलवायची तशीच. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि जिना उतरून गेली. चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. रडूबाई टाचण्या टोचतील म्हणून जागची हलली नाही, असं तिनं नंतर स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. टाचण्या काढायला किती वेळ लागतो?

शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. मग म्हणाली, "बहिणीच्या बैठकीत तू काय गायली होतीस, ते माझ्या कानांत अजून आहे."

"तू आपली टीप मार," रडूबाई म्हणाली.

शिंपिणीनं टीप मारली. पण त्या दिवशी ती चहाला थांबली नाही.

सत्कार झोकात झाला. शाल अंगावर पडली, टाळ्या पडल्या. कंत्राटदार माइकवर म्हणाला, हजारो वर्षांचा ठेवा ह्या माउलीनं गळ्यात जपला आहे. रडूबाईनं बायकांच्या रांगांमध्ये भाचीला शोधलं, ती नव्हती. जावई मात्र पुढच्याच रांगेत होता. वाकून पायाही पडला. उद्या जाऊन येऊ पोरीकडे, असं रडूबाईनं ठरवलं. उद्या पाहुणे आले. परवा पाय दुखत होता. मग वाटायला लागलं, आता जायचं तर कोणत्या तोंडानं जायचं? आणि न जाण्याची एकदा सवय झाली, की काही न काही कारण मिळतच राहतं.

असेच काही महिने गेले, आणि एके सकाळी जावई गेला. आंघोळीला म्हणून उठला, छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही उसंत मिळाली नाही. कंत्राटदाराची गाडी रडूबाईला न्यायला आली.

त्या घराच्या पुढच्या दालनात सतरंज्या अंथरल्या होत्या, बाहेर अंगणात खुर्च्या. गावातली सगळी बडी मंडळी हजर. एका पोरानं रडूबाईच्या पुढ्यात माइक आणून ठेवला. "माइक कशाला रे? गेलेल्याला ऐकू जायला?" असं एरवी ती म्हणाली असती. त्या दिवशी नाही म्हणाली. कंत्राटदार तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. डोळे सुजलेले होते त्याचे. भाऊ गेला होता, त्याचं दुःख खोटं नव्हतं. हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी सांगतो तुम्हाला काय काय ते. हात म्हणाल तर देणारा. कुणाला नाही म्हटलं नाही. बायकोला हाक मारायचा तर राणी म्हणून. आणि घरात आला की, काय सांगू, घर हसायचं."

रडूबाईनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन भाची बसली होती. सगळ्या घरात तिच्याइतकं गप्प कुणी नव्हतं. उठायचं, तिच्यापाशी जाऊन बसायचं आणि विचारायचं. एवढंच करायचं होतं. जन्मभर परक्या घरांत केलं होतं. पण इथं विचारलं तर ती सांगेल, हे रडूबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं विचारलं नाही. तिनं डोळे मिटले आणि जुना भाग सुरू केला.

आवाज तर असा लागला त्या दिवशी, की अंगणातले बाप्ये खुर्च्यांवरून उठून उभे राहिले.

"हात होता ग हात, देणाऱ्याचा हात,
उघडाच राहिला, मूठ नाही वळली."

"ऐकलं ग, ऐकलं," दालन हुंदक्यांनी भरून गेलं.

"हाक होती ग हाक, राणी म्हणून आली,
हातातलं भांडं खाली ठेवून ती धावली."

"ऐकलं ग, ऐकलं." 

"उंबरा ग उंबरा, त्याच्या पावलाची वाट बघे,
पाऊल आत पडे, अन् घर सगळं हसे."

सगळे रडत होते. शिंपीण रीतीप्रमाणे ऐकलं म्हणत होती, पण मान खाली घालून. भाचीचे ओठ मिटलेलेच होते. रडूबाईनं शेवटचा जुना भाग गाऊन डोळे उघडले, तर भाची उठून पाण्याचा पेला घेऊन आली होती. गाणारीला पाणी द्यायचं ते घरातल्या गप्प बाईनंच, हीसुद्धा रीतच. पेला पुढे करणाऱ्या हाताची करंगळी वाकडी होती. मोडून, न बसवता, तशीच जुळून आलेली.

"मावशी," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त रडूबाईला आणि शिंपिणीला ऐकू गेलं, "मला नाही विचारलंस."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे रडूबाईला तिथं कळलं. इतकी वर्षं मेलेल्यांजवळ बसून कळलं नव्हतं.

पुढचे आठवडे कसे गेले ते विचारू नका. कुणीतरी ते गाणं मोबाइलवर घेतलं होतं आणि ते गावभर फिरत होतं. भाजी घ्यायला जावं तर भाजीवालीच्या फोनमधून हिचाच आवाज: मूठ नाही वळली. न्हाव्याच्या दुकानावरून जावं तर आतून तेच. "काय गायलात हो रडूबाई, अंगावर काटा आला!" असं लोक रस्त्यात थांबवून सांगायचे आणि ती पदर तोंडाशी घेऊन पुढे सटकायची. लोकांना वाटायचं विनय. दूधवाला दारात यायचा, भांड्यात दूध ओतायचा, टोमणा ऐकायला क्षणभर थांबायचा आणि नुसताच निघून जायचा. शाल तिनं पेटीच्या तळाशी घातली, तरी पेटीकडे बघवेना. ज्या तोंडानं ते गायलं तेच तोंड घेऊन आता उरलेली वर्षं जगायचं, याची तिला शिसारी आली होती. 

आणि आतली बैठक तर जवळ येत होती. तिच्यासाठी विचारायला जावं लागतंच. शिंपीण दारात येऊन म्हणाली, "घसा बसलाय म्हणून सांगू का?"

रडूबाईनं आशेनं वर पाहिलं.

"सांगते हवं तर," शिंपीण म्हणाली. "खोट्यावर आणखी एक खोटं, त्यात काय एवढं!"

रडूबाईनं चपला घातल्या.

भाची स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होती. मावशीला बघून तिनं पाट सरकवला नाही की ये म्हणाली नाही. रडूबाई जमिनीवरच टेकली. भांडी संपली, भाचीनं ओटा पुसला, फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"विचारायला आलेय," रडूबाई म्हणाली. "हात सांग, पोरी."

भाची तिच्याकडे पाठ करूनच बोलली. "हात आधी कडीकडे जायचा. आतून कडी लावायचा. कडी वाजली की मी हातातलं भांडं खाली ठेवायची, फुटू नये म्हणून. तू गायलीस ना, भांडं खाली ठेवून ती धावली? ठेवायची मी भांडं. खरं होतं तेवढं."

रडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"हाक विचार की आता."

"हाक सांग."

"ए. एवढीच हाक. लग्न झाल्यापासून माझं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलं नाही. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव. मीच कधी कधी भांडी घासताना हळूच म्हणून बघायची, विसरू नये म्हणून."

"आणि उंबरा?"

आता भाची वळली. रडूबाईला वाटलं होतं रागावलेली असेल, पण चेहऱ्यावर रागही नव्हता. "त्याचा उंबरा नको," ती म्हणाली. "तुझा घे."

"माझा?"

"मी पिशवी घेऊन उभी होते तो. आईच्या बैठकीत मला दिला होतास तो."

"अग, त्याच्या बैठकीत माझा उंबरा कसा येईल? असं आजवर कधी झालं नाही. रीत आहे जुनी..."

"रीत," भाची म्हणाली. "रीत तर विचारायचीपण होती." मग फडकं उगाचच पुन्हा सारखं केलं. "तुला जमत नसेल तर नको गाऊस. माझं काही म्हणणं नाही."

आतली बैठक माजघरात भरली. गल्लीतल्या बायका, त्या घरची थोरली जाऊ, शेजारणी. बहिणीच्या बैठकीला होत्या त्यांतल्या बऱ्याच जणी होत्या. पुरुष बाहेरच्या दालनात बसलेले. मधलं दार नुसतं लोटलेलं. कंत्राटदार कुणाशी तरी फोनवर सिमेंटच्या गाडीबद्दल बोलत होता, ते स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे इकडचंही तिकडे तेवढंच ऐकू जाणार, हे उघड होतं. भाची रडूबाईच्या अगदी समोर बसली.

रडूबाईनं जुना भाग म्हटला. त्याचा अर्थ कळत नव्हता हे किती बरं होतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. मग तो संपला.

"हात होता ग हात, आधी कडीवर गेला,
कडी वाजली, तिनं भांडं खाली ठेवलं, फुटू नये म्हणून."

बायकांनी माना वर केल्या. कुणी कुणाकडे बघेना. मग शिंपिणीचा आवाज आला, "ऐकलं ग, ऐकलं." तिच्यामागून आणखी एक, मग आणखी दोघी. थोरल्या जावेनं दाराकडे पाहिलं, ओठ चावला, आणि तीही म्हणाली. तिच्या "ऐकलं"मध्ये बरंच काही होतं.

"हाक होती ग हाक, ए म्हणून आली,
आईनं ठेवलेलं नाव घासल्या भांड्यांना ठाऊक."

"ऐकलं ग, ऐकलं." ह्या वेळी सगळ्या.

आता उंबरा. ह्याच बायकांनी बहिणीच्या बैठकीत ऐकलं म्हटलं होतं. ह्याच बायकांच्या दारात उद्या भाजी निवडायला बसायचं होतं. दाराबाहेर सत्काराचा अध्यक्ष होता. घराण्यात कुणी केलं नव्हतं ते करायचं होतं. तिनं मान खाली घातली आणि पुटपुटल्यासारखं म्हणून टाकलं, एका दमात, की सुटले एकदाची.

कुणीच ऐकलं म्हणेना. शिंपीणसुद्धा नाही.

"ऐकू नाही आलं, मावशी," भाची म्हणाली. "परत."

रडूबाईनं वर पाहिलं. समोर तिच्या बहिणीचे डोळे होते. लपायला कुठं जागाच नव्हती. मग तिनं श्वास घेतला, पोटातून, आईनं शिकवला तसा, आणि जो आवाज माइकशिवाय अंगणापर्यंत जायचा, त्या आवाजात गायली:

"उंबरा ग उंबरा, उंबरा माझा होता,
बहिणीच्या पोरीला दिला, सगळ्यांच्या साक्षीनं दिला.
सुजला कान, मोडलं बोट, पोर दारात आली,
आत येऊ का म्हणाली.
मी नव्या कपड्यांत उभी होते ग, मी जा म्हणाले,
त्याच्याच घरी जा म्हणाले."

बाहेर फोनवरचं बोलणं मध्येच थांबलं. माजघरातल्या बायका भाचीकडे बघत नव्हत्या, सगळ्या रडूबाईकडे बघत होत्या, आणि रडूबाईला पदरही तोंडावर घ्यायचा नव्हता, कारण गाणारीनं तोंड झाकायचं नसतं. ती तशीच बसली. पुढची ओळ तिला घेता येत नव्हती. ऐकलं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कितीतरी वेळानं भाचीनं तोंड उघडलं.

"ऐकलं," ती म्हणाली.

तेवढंच. ग नाही, मावशी नाही. मग ती उठली, माठातून पेला भरला, आणि आणून शिंपिणीच्या पुढ्यात ठेवला. रडूबाईला कुणी पाणी दिलं नाही, आणि तिनं मागितलं नाही. शेवटचा जुना भाग राहिला होता, तो तिनं कोरड्या घशानं म्हणून पुरा केला.